आढीतले आडू

पीच कुठला खावा, कधी खावा आणि आणल्यावर किती दिवस ठेवावा, हे मला ज्या बाईनं शिकवलं तिच्याशी मी पहिले सहा महिने सरळ तोंडानं बोललेही नव्हते. ती माझी वैनी. दादा फौजेत होता. त्याची बदली तिकडं वर पहाडात झाली आणि वर्षभरात तिथल्याच एका बागवाल्याच्या मुलीशी त्यानं लग्न उरकलं. आधी लग्न झालं, मग आम्हांला पत्र आलं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल. आमच्या सणसरमध्ये तोवर लांबची सून म्हणजे फलटणची.

दादा तिला घेऊन आला, पंधरा दिवस राहिला, आणि तिला आमच्यात सोडून परत कामावर गेला. तिथं कुटुंब ठेवायची सोय नव्हती.

आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. एकुलत्या एका लेकाच्या डोक्यावर आपल्या हातच्या अक्षता पडल्या नाहीत, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. तिनं सुनेला जेवायला कमी केलं नाही, कामाला जुंपलं नाही, फक्त तिच्याशी बोलायचं सोडलं. म्हणजे बोलायची, पण माझ्याकडून. वैनी हातभर अंतरावर बसलेली असायची आणि आई मला म्हणायची, "तिला म्हणावं, भाकर गरम हाय तवर खा." मी वैनीकडं बघून म्हणायची, "खा." असं वर्षभर चाललं. आमचे आबा कारखान्यात नोकरीला, बाईमाणसांच्या भांडणात ते पडायचे नाहीत. जेवायचे आणि सायकलला टांग मारायचे.

मी तरी कुठं चांगली वागत होते! वैनी माझ्याच वयाची, एकोणीस-वीसची. मी तिला अहो-जाहो केलं नाही, आणि ती काही सांगायला लागली की नाक मुरडायची. पण घरात दुसरं बोलणार कोण? दुपारी भांडी घासता घासता ती आपल्या मोडक्या मराठीत, मध्येमध्ये हिंदी घालून, एकच विषय काढायची: तिच्या वडिलांची आडूची झाडं. आडू म्हणजे पीच. मी तोवर पीच हे फळ बारामतीच्या मंडईत लांबून पाहिलेलं, खाल्लेलं नव्हतं.

तिचं कॅलेंडर सगळं आडूचं. मे संपता संपता येतो तो लहान, हिरवट, टोकाला जरा लाल. त्याची बी गराला घट्ट धरून बसते, दातानं ओरबाडून खावा लागतो. जूनमध्ये पांढऱ्या गराचा. तो इतका नाजूक की बोट लागलं तरी काळा पडतो, म्हणून तो बाजारात जातच नाही, घरातच संपतो. "आणि जुलैत?" मी एकदा चुकून विचारलं. बस्स, तिचे डोळे असे चमकले! जुलैच्या मध्याला येतो तो खरा. मोठा, आतून पिवळाधमक, दोन्ही हातांत धरून पिळला की दोन फाका होतात आणि बी अलगद बाहेर. दिल्लीला जातो तो हाच. त्याच सुमाराला एक बिनलवेचा आडूही येतो, साल गुळगुळीत, अंगावर केस नाहीत. वडिलांनी त्याचं एकच कलम लावलं होतं. मी त्याचं नाव टकल्या ठेवलं, तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. ऑगस्टमध्ये सगळ्यात शेवटी गावठी, कडक, चटणीचा. तो संपला की बाग रिकामी.

मी म्हणायची, "एवढ्याशा फळाचं किती कौतुक गं! आमच्या डाळिंबाला आम्ही सांगू तेव्हा फुलावं लागतं." ते खरंच होतं. आमच्याकडं दीडशे झाडं होती. झाडाचं पाणी दोन महिने तोडायचं, त्याला ताण द्यायचा, पानं गळून गेली की मग पाणी सोडायचं. झाड फुलांनी भरतं. वैनीला ते ऐकून वाईट वाटलं. "उपाशी ठेवता झाडाला?" ती म्हणाली. "आमच्याकडं थंडीत झाड झोपतं. चांगली झोप झाली तरच फळ देतं. आपण काही करायचं नसतं, थांबायचं." मी म्हटलं, "थांबायला आम्हांला वेळ नाही."

एप्रिलात दादा पंधरा दिवस रजेवर येऊन गेला, मग तिला दिवस गेले.

आमच्या आळीत डोहाळे लागले की बायका दारात येऊन विचारतात, काय खावंसं वाटतंय. वैनीला कुणी विचारलं की ती मान खाली घालायची. पोटात काही ठरत नव्हतं. चिंच दिली, कैरी दिली, ताकातली भाकरी दिली. आबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून भिगवणहून धरणातली ताजी मासळी आणली, तर तिच्या नुसत्या वासानं बिचारी दिवसभर मोरीशीच बसून राहिली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि आम्हांलाच झापलं. म्हणाल्या, वजन वाढायचं सोडून उतरतंय, पोरीला काय हवं ते विचारा आणि खायला घाला, नाहीतर सलाईन लावायला इथं आणून ठेवावी लागेल, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर बाळाची खात्री मी देत नाही.

परतताना एसटीत मी तिच्या शेजारी होते. आई पुढच्या सीटवर. मी हळूच विचारलं, "वैनी, खरं सांग. काय पाहिजे?" ती खिडकीबाहेर उसाकडं बघत म्हणाली, "आडू." मग तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना तुमच्यातही? बाबा ऑगस्टअखेर न्यायला येणार आहेत. मी गेले की परत येणार नाही. तू कुणाला सांगू नकोस."

न सांगायला मी काय देवमाणूस होते? माझ्या पोटात ते कसंबसं एक रात्र राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाचं आधण ठेवत होती आणि तिनं मला नेहमीसारखं "तिला म्हणावं" सुरू केलं, तेव्हा माझी सटकली. मी म्हटलं, "तूच म्हण की काय म्हणायचंय ते! अजून दोन महिने म्हणायला मिळतील. ती जाणार आहे, आणि परत येणार नाहीये. पोटातलं तुझं नातवंडही तिकडंच राहील. आणि तिला आडू पाहिजेत, पीच, दुसरं काही नको."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. आईनं चहा गाळला. कपात ओतला. मग म्हणाली, "मंडईत मिळत्यात का गं ते?" आणि नेसतं पातळ बदलून आली.

बारामतीच्या मंडईत एकाच बाईकडं ते होते. लाकडी पेटी, आत कागदाचे कपटे, त्यात पाखराच्या पिल्लांसारखी लव असलेली फळं. जूनचा शेवटचा आठवडा होता. आईनं अंगठ्यानं एक दाबून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. दगड होता. "कच्ची हायत की ओ बाई," आई म्हणाली. फळवाली म्हणाली, "लांबून येत्यात, कच्चीच उतरवत्यात. घरी पिकवा." यापुढं तिलाही काही माहीत नसावं. आमच्या भागात घेणार कोण होतं ते! आईनं अख्खी पेटी घेतली.

येताना आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते. तिनं सगळं ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आमच्याकडं चोरओटी भरतात. गाजावाजा नाही, घरातल्या घरात. पुढच्या गुरुवारी ती भरायची आणि ओटीत नारळाबरोबर पिकलेले आडू घालायचे. तोवर सुनेला पत्ता लागू द्यायचा नाही. "ताटभर पुढ्यात आलं की बघ कशी बघती," आई मला म्हणाली. मी आजवर आईला कुणासाठी अशी गंमत करताना बघितलं नव्हतं.

आणि पिकवायचं म्हणजे कसं, हे काय आईला कुणी शिकवायला पाहिजे होतं? तीस वर्षं आंबे पिकवत आलेली बाई. मागच्या खताच्या खोलीत तिनं उसाच्या पाचटाची जाड आढी केली, त्यात एकेक फळ देठाकडून खाली ठेवलं, वरून पुन्हा पाचट, त्यावर दोन गोणपाटं, आणि दाराला कुलूप. आंब्याला आठ दिवस, म्हणून याला आठ दिवस. मीही हाताखाली होते. मला तरी कुठं शंका आली?

तिसऱ्या दिवशी वैनी दुपारी पडली होती, ती एकदम उठून बसली. "आडू," म्हणाली.

मी आणि आई तांदूळ निवडत होतो. आमचे हात थांबले.

"आडू आहेत इथं. वास येतोय." ती उठली, चूल बघितली, फडताळ बघितलं, पडवीत गेली. तोंड वर करून हुंगत हुंगत निघाली आणि नेमकी खताच्या खोलीपाशी जाऊन थांबली. दाराच्या फटीला तिनं नाक लावलं. "इथं. माझ्या बाबांच्या घरासारखा वास."

आईनं मला डोळ्यानं खुणावलं. आणि मी, शहाणी, हसून म्हणाले, "काहीतरीच काय वैनी! सणसरात आडू कुठनं येणार? पोटात अन्न नाही म्हणून भास होतोय तुला." आईनं मागून भर घातली, "तिला म्हणावं, तितं खताच्या गोण्या हायत. वास घ्यू नये असल्या दिवसांत."

वैनी दारापासून सरकली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग कुलपाकडं. मला त्या वेळी गंमत वाटत होती. आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशीही तो वास तिला येत होता. ती नाकाला पदर लावून बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "आमच्या गावात एका बाईला असेच भास व्हायचे. नसलेले आवाज, नसलेले वास. मग तिचं डोकं फिरलं." मग ती म्हणाली, "मी बाबांना लिहिते. ऑगस्टपर्यंत मी इथं राहिले तर माझंही फिरेल."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. कुलूप उघडायला हवं होतं. पण मी काय केलं? मनात मोजलं, गुरुवारला चारच दिवस राहिलेत, मग बघ कशी खूश होते. आणि गप्प बसले.

गुरुवारी आईनं डोक्यावरून अंघोळ केली. खण, नारळ, हळदकुंकू ताटात मांडलं. मोठं पितळी ताट आडूंसाठी वेगळं घासून ठेवलं. आम्ही दोघी मागच्या खोलीत गेलो. कुलूप काढलं, तसा आंबूस भपकारा आला, हातभट्टीसारखा. आईनं गोणपाट उचललं तर चिलटांचा थवाच्या थवा उठला. तिनं पाचटात हात घातला आणि तो मनगटापर्यंत लगद्यात गेला. एक फळ उचललं तर साल हातात आली आणि गर खाली पडला. दुसरं तसंच. खालच्यांवर तर करडी बुरशी चढली होती. आई एकेक उचलत राहिली, तळापर्यंत. मग ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. नवं पातळ, हात कोपरापर्यंत चिकट.

दारात वैनी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"म्हणजे वास खरा होता," ती म्हणाली.

आणि मग ती जी भडकली! वर्षभर मान खाली घालून वावरलेली ती पोर, तिचा आवाज आळीत ऐकू गेला असेल. माझ्यावर. निम्मं तिच्या पहाडी भाषेत, मला कळलंही नाही. "तू मला भास म्हणालीस! मला वेडी केलीस! चार रात्री मी झोपले नाही!"

"तिला नको बोलू," आई म्हणाली. "तिला मीच गप बसवलं हुतं. तुझ्यासाठीच आणलं हुतं गं पोरी. मला वाटलं आंब्यावानी असंल. मला काय ठावं. तुझ्या ओटीत घालायचं हुतं, आन् सगळ्याचा चिखल केला मी."

आई रडत होती, म्हणून तिच्या ध्यानात आलं नाही. पण मी दचकले आणि वैनीही गप्प झाली. आई तिच्याशी बोलली होती. मध्ये मी नव्हते.

वैनी आत आली. आईसमोर उकिडवी बसली आणि पाचट चाळायला लागली. एका कडेला, भिंतीला लागून राहिलेलं एक फळ तिला सापडलं, एका बाजूनं काळं, दुसऱ्या बाजूनं जेमतेम बरं. तिनं नखानं खराब भाग काढून टाकला. आई म्हणाली, "अगं नको खाऊ, पोटात पोर हाय, बाधंल." वैनीनं खाल्लं. दोन घास होते, सावकाश खाल्ले. मग तिनं आईपुढं तीन बोटं धरली.

"तीन दिवस, आई. फक्त तीन. आडू आंब्यासारखा थांबत नाही."

ते दोन घास तिच्या पोटात राहिले. आम्ही दोघी दुपारभर तिच्या तोंडाकडं बघत होतो, पण राहिले.

जुलैच्या मध्याला वैनीनं स्वतः आईला मंडईत नेलं. मी मागून पिशव्या घेऊन. तिनं दाखवलं की लाली बघायची नाही, लाली फसवी, लालीच्या मधला हिरवा रंग पिवळा झालाय का ते बघायचं. दाबायचं नाही, देठापाशी हुंगायचं. घरी आल्यावर झाकायचं नाही, फडक्यावर एकेक सुटा मांडायचा, एकाला दुसरा लागू द्यायचा नाही. आई एवढं मन लावून ऐकत होती की फळवालीही पुढं वाकून ऐकायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तयार झाले. वैनीनं दोन फाका केल्या, एक आईला दिली, एक स्वतः घेतली. मला मागून मिळाला. मी एवढंच सांगेन की मी उगाच नाक मुरडत होते. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा काटा वर सरकला.

पण जायचं ते ठरलेलंच होतं. ऑगस्ट सरता सरता तिचे वडील आले. उंच, अबोल माणूस. आबांशी हातवारे करत बोलायचे. मी त्या महिनाभरात वैनीला एकदाही विचारलं नाही की परत येणार का. आईनंही नाही. भीती वाटत होती दोघींना.

भिगवण स्टेशनावर गाडी यायला उशीर होता. आई बाकड्यावर वैनीशेजारी बसली होती, तिच्या पिशवीचा बंद उगाच सोडत-बांधत. मग एकदम म्हणाली, "येशील का गं परत?"

वैनी म्हणाली, "आमच्याकडं सासरचं कुणी न्यायला आलं तरच सून माहेरून निघते."

"आमच्यातबी मूळ लागतंच की, न्यायला माणूस धाडावंच लागतं. त्याला रजा टाकाया सांगते."

"त्यांना रजा कुठं मिळते आई?"

गाडी आली. वडिलांनी सामान चढवलं. आई फलाटावर उभी. माझी आई, जिनं पुण्याच्या पुढचं जग बघितलं नव्हतं, आणि पुण्यालाही जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून जिचं पोट बिघडायचं. खिडकीला धरून ती म्हणाली, "मी येते. मी येते न्यायला."

वैनीनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, गाडीच्या आवाजात कळलं नाही.

जानेवारीत मुलगा झाल्याची तार आली. मार्चमध्ये आबांनी न्यायला येतोय म्हणून पत्र टाकलं, रजा काढली आणि आम्ही तिघं दौंडहून दिल्लीच्या गाडीत बसलो. आई दोन दिवस खिडकीशी, डब्यातली एक भाकरी खाल्ली नाही. दिल्लीपुढं बस, मग आणखी एक बस, वळणावर वळण. आईला उलट्या होऊन होऊन ती चिपाड झाली, पण परत फिरू असं एकदाही म्हणाली नाही. वाटेत एकदाच मला विचारलं, "आन् तिनं येत न्हाय म्हटलं तर?" शेवटी एक मैल पायी चढ. दोन्ही अंगांना आडूची झाडं, पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं. खायला फळाचं नाव नव्हतं, त्याला अजून दोन-तीन महिने होते. सुखाचे दिवस तिचे आता तर सुरू होणार होते. अशा वेळी कोण पोर माहेर सोडेल, असं मलाही वाटून गेलं.

अंगणात तिची आई होती. तिला मराठी येत नव्हतं, आमच्या आईला हिंदी. आईनं पदर सावरला, दम घेतला आणि आपल्या भाषेतच म्हणाली, "लेकीला न्यायला आलेय मी."

तिची आई बाजूला झाली आणि तिनं दाराकडं हात केला. उंबऱ्याच्या आत दोरीनं बांधलेली ट्रंक होती, वर बाळाचं दुपटं घडी घालून ठेवलेलं. ती बाई हिंदीत म्हणाली, तेवढं मला समजलं, ते मी आईला सांगितलं.

"म्हणतात, आठ दिवस झाले. रोज सकाळी ट्रंक बांधते आणि वाटेकडं बघत बसते."